जालियनवाला बाग: आत गेल्यावर नेमकं काय पाहायचं?

पाऊलखूण
अमृतसरच्या सहलीत जालियनवाला बाग बहुधा सुवर्णमंदिर आणि अटारी सीमेवरचा कार्यक्रम यांच्या फटीत कोंबलेली असते. टूरवाले वीस मिनिटं देतात. लोक गल्लीतून आत शिरतात, ज्योतीच्या खांबासमोर फोटो काढतात, विहिरीपाशी डोकावतात आणि बाहेर. जागा जेमतेम ६-७ एकरांची, तीही चहूबाजूंनी घरांनी वेढलेली, त्यामुळे 'एवढंच?' असं वाटून जातं.

अडचण अशी की ही जागा नुसती बघून कळत नाही, वाचावी लागते. गल्लीची रुंदी, जमिनीचा चढउतार, भिंतींची उंची हे इथले खरे पुरावे. त्यात २०१९ ते २०२१ मध्ये मोठं नूतनीकरण झालं. म्हणून हा धागा. कुठून सुरुवात करावी, किती वेळ ठेवावा, जुनं काय आणि नवं काय, फलकांवरचे आकडे कसे वाचावेत, आसपास याच इतिहासाच्या कुठल्या जागा आहेत, याबद्दल जाणकारांनी लिहावं. घटना सगळ्यांना ढोबळ माहीत आहे असं धरू. १३ एप्रिल १९१९, रविवार, वैशाखी.

तिठा
सुरुवात मी करतो. एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ही: गल्ली संपून मोकळ्यात आलात की पुढे जाऊ नका. तिथेच थांबा.

आजही ज्या चिंचोळ्या बोळातून आपण आत जातो, त्याच वाटेने जनरल डायर आत आला. बोळाची रुंदी साधारण साडेसात फूट. त्याच्याबरोबर मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या होत्या, पण त्या बोळात मावेनात म्हणून बाहेर रस्त्यावरच राहिल्या. पुढे सरकारने नेमलेल्या हंटर चौकशी समितीसमोर समितीचे एक सदस्य चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला विचारलं की गाड्या आत नेता आल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का? 'बहुधा हो' असं त्याचं उत्तर आहे. बोळातून जाताना दोन्ही हात पसरून बघा, म्हणजे ही रुंदी किती महत्त्वाची होती ते समजेल.

बोळ जिथे संपतो तिथली जमीन आतल्या मैदानापेक्षा उंच होती. डायरने त्या उंचवट्यावर २५ सैनिक उजवीकडे आणि २५ डावीकडे उभे केले. शिवाय ४० गुरखे होते, त्यांच्याकडे फक्त खुकरी. उंचवट्याच्या जागी 'इथून गोळ्या झाडल्या' असं सांगणारा दगडी खूणस्तंभ आहे. लोक त्याला वळसा घालून ज्योतीकडे जातात, आणि तिथेच सगळं चुकतं. त्या खुणेशी उभं राहून आधी समोर बघा. समोरची भिंत दिसते, डावी-उजवी घरांच्या पाठी दिसतात. मग भिंतीपर्यंत चालत जा आणि तिथून वळून खुणेकडे बघा. गोळीबार करणारा आणि गोळी खाणारा, दोघांनाही काय दिसत होतं हे या दोन जागांवरून कळतं. बाकी सगळं त्यानंतर.

हल्ली हिरवळ आणि फरसबंदीमुळे तो चढउतार पुसट झालाय, तेव्हा मुद्दाम शोधायचा.

सांजवात
'बाग' या शब्दाने फसगत होते हेही सांगायला हवं. १९१९ मध्ये इथे बाग नव्हतीच. खाजगी मालकीची ओसाड जागा, थोडी झाडं, एक समाधी, एक विहीर. 'जालियनवाला' म्हणजे जल्ला गावच्या मालकांची. आज दिसणारी छाटलेली झुडपं आणि फुलांचे वाफे स्मारकाचे आहेत, घटनेचे नाहीत. वाफे मनातल्या मनात पुसायचे आणि धुळीचं मैदान कल्पायचं.

आणि एवढे लोक तिथे आले कसे? सभा होती, पण सगळे सभेला आलेले नव्हते. वैशाखीसाठी खेड्यांतून लोक शहरात आले होते, गुरांचा बाजार दुपारी पोलिसांनी बंद केला होता, सुवर्णमंदिर पाच-सात मिनिटांवर. जमावबंदीची दवंडी त्या दिवशी सकाळी शहरात १९ ठिकाणी पिटली, पण सुवर्णमंदिरापाशी किंवा खुद्द बागेत नाही. नकाशावर ही ठिकाणं पाहिली की 'मनाई असताना लोक जमलेच कसे' हा प्रश्न निकालात निघतो.

अभ्रक
तिठा यांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. हे गणित जागेवर उभं राहून करावं.

बंदुका ५०. झाडलेल्या गोळ्या १६५०. म्हणजे बंदुकीमागे सरासरी ३३. हत्यार .३०३ ली-एन्फिल्ड, मॅगझिनमध्ये १० गोळ्या मावतात आणि त्या पाच-पाचच्या क्लिपने भरतात. ३३ गोळ्या झाडायच्या तर प्रत्येकाला निदान तीनदा थांबून बंदूक भरावी लागली. गोळीबार साधारण दहा मिनिटं चालला. म्हणजे मिनिटाला सरासरी तीन-साडेतीन गोळ्या. त्या काळी या बंदुकीने तयार सैनिक मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या झाडू शकत असे.

यातून निघतं काय? घाबरून केलेला बेछूट गोळीबार असा संथ नसतो. हा सावकाश, नेम धरून, हुकुमावर केलेला गोळीबार होता. गर्दी जिथे दाट तिकडे, म्हणजे बाहेर पडायच्या फटींकडे, बंदुका वळवल्या गेल्या. थांबला तोही दारूगोळा संपत आला म्हणून. चौकशीत डायरने हे लपवलं नाही. पांगवणं एवढाच त्याचा हेतू नव्हता, पंजाबभर जरब बसवायची होती, असं त्याने स्वतःच सांगितलंय.

म्हणून मार्गदर्शक जेव्हा 'मशीनगनने गोळ्यांचा पाऊस पाडला' म्हणतो तेव्हा तो घटना भीषण करत नाही, उलट सौम्य करतो.

काडेपेटी
धागा चांगला, पण थोडं विरजण घालतो. २०२१ नंतर ती जागा वाचण्यासारखी उरलीय का? बोळाच्या भिंतींवर हसऱ्या-खेळत्या माणसांची शिल्पं, खाली चकचकीत फरशी, विहिरीला काचेचा पिंजरा, ज्योतीभोवती कमळांचा तलाव, संध्याकाळी ध्वनिप्रकाश खेळ. ज्या बोळातून मृत्यू आत आला त्याची स्वागतकमान केलीय. वीस मिनिटांत लोक बाहेर पडतात यात त्यांची चूक काय?

तिठा
काडेपेटी, बोळाबद्दल पूर्ण सहमत. तो बोळ ओका-बोका होता, विटांचा, थोडा अंधारा. तेच त्याचं म्हणणं होतं. शिल्पांचा हेतू कळतो, त्या दिवशी आत गेलेली साधी माणसं दाखवायची आहेत. पण माणसं पाहता पाहता भिंत दिसेनाशी होते. इतिहासकारांनी आणि हुतात्म्यांच्या वारसांपैकी काहींनी तेव्हाच आक्षेप घेतले होते.

तरी 'काही उरलं नाही' हे बरोबर नाही. बोळाची रुंदी तीच आहे. गोळ्यांच्या खुणांची भिंत आहे. विहीर आहे. मैदानाचा आकार आणि वेढा तोच आहे. सजावट वजा करून बघायची सवय लागते.

आणि एक सांगू का, त्याआधीही ती जागा 'जशीच्या तशी' नव्हती. मधला लाल दगडाचा ज्योतीचा खांब बेंजामिन पोल्क या अमेरिकन वास्तुशिल्पीचा. १३ एप्रिल १९६१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं. तेव्हाही मैदानाची बाग झालीच की! स्मारकासाठी जमीन १९२० पासूनच वर्गणी काढून घेतली गेली, १९५१ मध्ये न्यासाचा कायदा झाला, १९६१ मध्ये खांब उभा राहिला, २०२१ मध्ये दालनं आणि दिवे आले. प्रत्येक पिढीने आपल्याला हवं ते स्मारक बांधलंय. हा थरही वाचण्याजोगा आहे.

काडेपेटी
थर मान्य. पण १९६१ च्या थराने जुनं झाकलं नव्हतं, २०२१ च्या थराने झाकलंय. फरक एवढाच.

गावकूस
वाद चालू द्या, मी भिंतीबद्दल लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त गैरसमज होतात.

भिंतीवर गोळ्यांच्या खुणांभोवती चौकटी आखलेल्या आहेत. फलकावर ३६ खुणा असा आकडा आहे. लोक त्या मोजत बसतात आणि कमी भरल्या की फसवणूक झाल्यासारखं बोलतात. विटा झिजतात, डागडुजी होते, दोन खुणा एकमेकींत मिसळतात, त्यामुळे मोजणीत फरक पडणारच. खरी चूक वेगळी आहे: ३६ खुणा म्हणजे ३६ गोळ्या झाडल्या असा काही मुलांचा समज होतो. १६५० पैकी भिंतीला लागलेल्या आणि आज टिकलेल्या या एवढ्या. उरलेल्या बहुतेक भिंतीपर्यंत पोचल्याच नाहीत. कुठे गेल्या ते सांगायला नको.

फोटो काढणाऱ्यांसाठी: समोरून फ्लॅश मारला तर खूण सपाट होते, नुसता डाग दिसतो. खोली दिसायला उजेड तिरपा हवा, म्हणजे सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. कॅमेरा भिंतीला काटकोनात न धरता थोडा बाजूने धरा. एक फोटो खुणेचा जवळून आणि एक दुरून, ज्यात शेजारी माणूस असेल, म्हणजे खूण जमिनीपासून किती उंचीवर आहे ते कळतं. उंची महत्त्वाची आहे, कारण माणसं भिंत चढायचा प्रयत्न करत होती. विहिरीच्या काचेत प्रतिबिंब येतं, तिथे भिंग काचेला टेकवून धरलं तरच आतलं दिसतं. आणि कृपा करून खुणांत बोट घालू नका, मुलांनाही घालू देऊ नका.

कुंपण
विहिरीच्या फलकावर १२० मृतदेह काढल्याचं लिहिलंय. इतर ठिकाणी मृतांचा आकडा ३७९, कुठे १०००, एका जुन्या फलकावर 'सुमारे दोन हजार हुतात्मे'. यातलं खरं काय धरायचं?

अभ्रक
हा प्रश्न यायलाच हवा होता. प्रत्येक आकड्याला 'कुणी, कधी, कशासाठी मोजलं' हे तीन प्रश्न विचारायचे.

३७९ हा सरकारी आकडा, हंटर समितीने स्वीकारलेला. मोजणी सुरू झाली तीच मुळी जुलै १९१९ मध्ये, म्हणजे तीन महिन्यांनी. पद्धत अशी की ज्यांचं माणूस गेलं असेल त्यांनी पुढे येऊन सांगावं. शहराने नुकताच लष्करी कायदा, अटका आणि फटके अनुभवले होते. 'माझा भाऊ त्या सभेत होता' असं सरकारी कचेरीत जाऊन कोण सांगणार? बाहेरगावाहून वैशाखीला आलेल्यांचं तर विचारूच नका. तेव्हा ३७९ ही नोंद झालेली किमान संख्या समजायची.

सुमारे १००० हा काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज आहे, नावनिशीवार यादी नव्हे.

'सुमारे दोन हजार' हा स्मारकाच्या फलकावरचा आकडा. १९९७ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ आली तेव्हा तिचे पती प्रिन्स फिलिप यांनी याच फलकापुढे 'यात जखमीही धरले असावेत' अशा अर्थाचं बोलून वाद ओढवून घेतला होता. आकड्यावर शंका घेणं वेगळं आणि ती कुणी, कुठे उभं राहून घ्यायची हे वेगळं.

१२० चा फलक स्वातंत्र्यानंतरचा आहे. लोकांनी जीव वाचवायला विहिरीत उड्या टाकल्या हे नक्की, १२० हा मात्र स्मारकाने सांगितलेला आकडा म्हणून वाचावा.

यात एक गोष्ट फलकांवर ठळक होत नाही. रात्री आठनंतर घराबाहेर पडायला बंदी होती. गोळीबार संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराचा. म्हणजे नातेवाइकांना जखमी शोधून न्यायला तीन ताससुद्धा नव्हते. डायर सैनिक घेऊन निघून गेला, जखमींची काही सोय केली नाही. कितीतरी लोक गोळीने नाही, रात्रभर तिथे पडून राहिल्याने गेले. रतनदेवी यांची जबानी काँग्रेसच्या अहवालात आहे. नवऱ्याचा मृतदेह हलवायला मदत मिळेना म्हणून त्या रात्रभर तिथेच बसून राहिल्या. जाण्याआधी घरी ती जबानी वाचून जा. दालनातल्या कुठल्याही चित्रफितीपेक्षा तिने जास्त कळतं.

सांजवात
गफलती आणखी तीन, वाटाड्यांच्या तोंडी हमखास असणाऱ्या.

पहिली: डायर आणि ओडवायर एकच. नाही. रेजिनाल्ड डायर हा गोळीबाराचा हुकूम देणारा लष्करी अधिकारी, तो १९२७ मध्ये आजारपणाने मेला. मायकल ओडवायर हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर, ज्याने डायरची पाठराखण केली. उधमसिंगांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये गोळ्या घातल्या त्या ओडवायरला. उधमसिंगांना ३१ जुलै १९४० ला फाशी झाली, अस्थी भारतात आल्या १९७४ मध्ये. बागेच्या दाराशी त्यांचा पुतळा आहे, तो २०१८ चा.

दुसरी: गोऱ्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. नाही. हुकूम देणारे गोरे, पण बंदुका होत्या गुरखा आणि हिंदी पलटणींच्या शिपायांच्या हातात. बोलायला अवघड असलं तरी साम्राज्य चालायचं कसं ते यातूनच कळतं, आणि शाळकरी मुलांनाही हे सांगायला हरकत नाही.

तिसरी: इंग्लंडने डायरला शिक्षा केली. नोकरीतून बाजूला केलं, बस. जुलै १९२० मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने त्याच्याविरुद्ध कौल दिला, लॉर्ड्सने त्याची बाजू घेतली, आणि 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्राने त्याच्यासाठी वर्गणी काढून २६,००० पौंड जमवले.

पाऊलखूण
सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा खोल गेला. आता वेळ आणि क्रम? आणि आजूबाजूच्या जागा?

तिठा
बागेला दीड तास. आत शिरून खूणस्तंभ, तिथून समोरची भिंत, मग विहीर, मग दालनं, आणि दालनांनंतर परत एकदा पाच मिनिटं खूणस्तंभ. आधी दालनं पाहिली तर तिथली चित्रं डोक्यात बसतात आणि मैदान त्या चित्राला जुळवून बघितलं जातं. उलट केलं तर प्रश्न घेऊन दालनात जाता. इतिहास अजिबातच माहीत नसेल तर मात्र दालनं आधी. आत जायची आणि बाहेर पडायची वाट आता वेगळी आहे, त्यामुळे बोळ नीट बघायचा तो जातानाच.

प्रवेश फुकट. सकाळी लवकर उघडते, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. शक्यतो उघडल्या उघडल्या जा. दहानंतर सुवर्णमंदिराकडची गर्दी इकडे वळते आणि बोळात अक्षरशः ढकलत नेतात. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश खेळाची वेळ त्या दिवशी दारावरच विचारावी. १३ एप्रिलला जायची हौस असेल तर वैशाखीची प्रचंड गर्दी आणि बंदोबस्त गृहीत धरा. त्या दिवशी जागा वाचणं जमणार नाही.

मे-जूनमध्ये मैदानात सावली कमी आणि पारा चाळिशीच्या वर. डिसेंबर-जानेवारीत धुकं, गाड्या हमखास उशिरा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च उत्तम.

गावकूस
आजूबाजूला चालत जायचं तर असं चला. सुरुवात हॉल गेटपासून (आता गांधी गेटही म्हणतात). स्टेशनच्या बाजूला रेल्वेमार्गावरचा पूल आहे, तो भाग १० एप्रिल १९१९ चा. अमृतसरचे पुढारी डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना त्या दिवशी गुपचूप अटक करून धरमशाळेला नेलं. लोक त्यांना सोडा म्हणून सिव्हिल लाइन्सकडे (गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वस्तीकडे) निघाले आणि पुलापाशी त्यांच्यावर गोळीबार झाला. मग शहर पेटलं, बँका जळल्या, पाच युरोपियन मारले गेले. १३ एप्रिलची गोष्ट १० एप्रिलशिवाय सांगता येत नाही, पण बागेत उभं राहून ती कुणी सांगत नाही.

हॉल बाजारातून सरळ आत आलं की टाउन हॉल. १० तारखेला हीही इमारत पेटवली होती. आता तिथे फाळणी संग्रहालय आहे, २०१७ पासून. सोमवारी बंद असतं, बेत आखताना ध्यानात ठेवा. त्याला दोन तास वेगळे हवेत आणि बागेच्या लगोलग बघू नये, मन पेलत नाही. टाउन हॉलपासून सुवर्णमंदिरापर्यंत फरसबंदी हेरिटेज स्ट्रीट, बाग याच वाटेवर. चालायचंच अंतर आहे, रिक्षेची गरज नाही.

तिसरी जागा क्वचितच कुणी बघतं: कूचा कौडियांवाला. मिशन शाळेच्या इंग्रज बाई मार्सेला शेरवूड यांच्यावर १० एप्रिलला इथे हल्ला झाला, आणि त्यांना उचलून घरात घेऊन वाचवलं तेही तिथल्याच लोकांनी. १९ एप्रिलपासून डायरने त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाला पोटावर सरपटत जायची सक्ती केली. म्हणजे ज्यांनी बाईंना वाचवलं त्यांनाही स्वतःच्या घरी जायला सरपटणंच नशिबी. पुढे काही दिवसांनी वरून हुकूम आला आणि ते थांबलं. आज ती साधी राहती गल्ली आहे. मोठा गट नेऊ नका, दारांत डोकावू नका, सरपटायची नक्कल करून फोटो तर अजिबात नको (असे फोटो पाहिलेत म्हणून लिहितोय).

कुंपण
सुवर्णमंदिर आधी की बाग आधी?

गावकूस
बाग आधी. कारण व्यवहाराचं आहे: सुवर्णमंदिरात जोडे जोडाघरात ठेवायचे, डोकं झाकायचं, पाय धुवायचे, लंगरला बसलात तर दीड-दोन तास सहज. त्यानंतर बागेत पोचेपर्यंत ऊन चढतं आणि गर्दीही. सामान बरोबर असेल तर सुवर्णमंदिराच्या परिसरात गठरीघर आहे, तिथे ठेवता येतं. बागेत मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका, बोळात अडचण होते.

सांजवात
अवांतर, पण मराठी वाचकांसाठी अगदीच अवांतर नाही. काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर बॅ. मुकुंदराव जयकर होते, तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. हंटर समितीत डायरची उलटतपासणी घेणारे सेटलवाड मुंबईचे. समितीच्या बैठका दिल्ली, लाहोर, अहमदाबाद यांच्याबरोबर मुंबईतही झाल्या. गांधीजी पंजाबकडे निघाले होते, त्यांना पलवलला अडवून परत मुंबईला आणून सोडलं, या बातमीनेही त्या दिवसांतला असंतोष वाढला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमृतसरलाच भरलं, अध्यक्ष मोतीलाल नेहरू, आणि नुकतेच विलायतेहून परतलेले लोकमान्य टिळक तिथे हजर होते. त्यांचं 'प्रतियोगी सहकारिता' (सरकार जितकं देईल तितकंच सहकार्य) हे धोरण याच अधिवेशनात गाजलं. गोळीबाराला आठ महिनेच झाले होते.

काडेपेटी
सांजवात, ही माहिती नवी होती, मनापासून आभार. आता माझाही एक व्यावहारिक मुद्दा, म्हणजे नुसता तक्रारखोर ठरायला नको. लहान मुलं असतील तर दालनांतली दृश्यं आणि आवाज अंगावर येतात. आठ-नऊ वर्षांच्या खालच्या मुलांना मैदान, भिंत आणि बोळ दाखवा, दालनं टाळा. मोठ्यांना आदल्या रात्री रौलट कायदा म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगून ठेवा: खटला न चालवता, वकील न देता कुणालाही डांबता येईल असा मार्च १९१९ चा कायदा. नाहीतर 'सभा कशासाठी होती?' हा पहिला प्रश्न येतो आणि आईबापच अडखळतात.

आणि विहिरीत नाणी टाकू नका हो. ती नवसाची विहीर नाही.

अभ्रक
+१ नाण्यांबद्दल.

ज्योतीच्या खांबावरचा मजकूर चारही बाजूंनी वेगवेगळ्या भाषांत आहे, फिरून बघा. आणि उधमसिंगांच्या अस्थींचा सीलबंद कलश बागेत ठेवलेला आहे, घाईत राहून जातो.

पाऊलखूण
शेवटचा प्रश्न, महाराष्ट्रातून थेट गाडी?

कुंपण
याचं उत्तर मी देऊ शकतो. मुंबई सेंट्रलहून गोल्डन टेंपल मेल, वांद्रे टर्मिनसहून पश्चिम एक्सप्रेस. मराठवाड्यातल्यांसाठी नांदेडहून सचखंड एक्सप्रेस, परभणी, जालना, संभाजीनगर, मनमाड, भुसावळ करत जाते. दीड दिवसाचा प्रवास आहे, पण वाटेत काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर वाढतात, तेव्हा डबा थोडाच घ्या आणि ताट-वाटी मात्र आपली ठेवा. वेळा निघण्याआधी तपासा, हिवाळ्यात दिल्लीच्या पुढे धुक्यात किती अडकेल ते सांगता येत नाही, म्हणून पोचायच्या दिवशी बागेचा बेत ठेवू नका.

तिठा
बरोबर. पोचायच्या दिवशी संध्याकाळी सुवर्णमंदिर, दुसऱ्या दिवशी पहाटे बाग.